हुंडेकरी ते कस्टम ब्रोकर : मध्यस्थाला परवाना कशासाठी?

हुंडेकरी हे आडनाव तुम्ही ऐकलं असेल. त्यामागे एक धंदा होता. पेशवाईच्या काळात माल एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायचा तर वाटेत जकातीची ठाणी लागत. प्रत्येक ठाण्याचा दर वेगळा, हक्कदार वेगळे. व्यापाऱ्याला हे सगळं स्वतः निस्तरणं अशक्यच. मग हुंडेकरी म्हणे, एकरकमी पैसे द्या, माल पोचवणं आणि वाटेतल्या जकाती भागवणं माझ्याकडे लागलं. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या अहवालांतही या लोकांचा उल्लेख येतो.

माझ्या संशोधनाचा विषय याच माणसाचा आजचा भाऊबंद : कस्टम ब्रोकर. न्हावा शेवा बंदरात किंवा सहारच्या कार्गोत आजही पुष्कळ लोक त्याला 'सीएचए' म्हणतात, म्हणजे कस्टम हाउस एजंट. जुने लोक नुसतं 'क्लिअरिंगवाला' म्हणतात. आयातदाराच्या वतीने बिल ऑफ एंट्री भरायचं, मालाचं वर्गीकरण मांडायचं, तपासणीला उभं राहायचं आणि माल सोडवून आणायचा हे त्याचं काम. लोक मला विचारतात, यात इतिहास कुठे आला? तो त्याच्या परवान्यात आला.

१८७८ च्या सागरी सीमाशुल्क कायद्याची जागा १९६२ च्या कायद्याने घेतली. त्याच्या कलम १४६ चं सार एवढंच, की परवान्याशिवाय कोणी या कामाचा धंदा करू नये. परवाना कोणाला द्यायचा, कसा काढून घ्यायचा हे ठरवायचा अधिकार केंद्रीय मंडळाला मिळाला. त्याखाली १९६५, १९८४, २००४, २०१३ आणि २०१८ अशा पाच वेळा नियमावल्या आल्या. पाचही शेजारी शेजारी ठेवून वाचल्या (कंटाळवाणं काम आहे, पण मजा येते) की दिसतं, शासनाला या माणसाची भीती कशाची वाटते ते दर थोड्या वर्षांनी बदलत गेलंय.

१९८४ ची नियमावली घ्या. त्या वेळी आधी तात्पुरता परवाना मिळे. मग लेखी आणि तोंडी परीक्षा. पण पास होऊन भागत नसे. कायम परवान्यासाठी कलेक्टरने ठरवून दिलेल्या प्रमाणात माल सोडवून दाखवावा लागे. आता विचार करा, नवा माणूस एवढं काम आणणार कुठून? मोठे आयातदार आधीच जुन्या फर्मांकडे बांधलेले. म्हणजे परवाना हवा तर धंदा दाखव, आणि धंदा हवा तर परवाना दाखव. अर्जसुद्धा कस्टम हाउसने मागवले तरच करता येत, आणि किती एजंट पुरेत ते कस्टम हाउसच ठरवणार. कोटा-परमिटच्या काळात हे कोणाला वावगं वाटलं नसावं.

१९९१ नंतर बाकीचं परवानाराज मोडत गेलं, पण ही व्यवस्था २००४ पर्यंत टिकली. माझ्या मते याचं कारण साधं आहे. उद्योगांचे परवाने रद्द करा म्हणणारे उद्योगपती होते. इथे मात्र ज्यांच्याकडे परवाना होता त्यांना बदल नको होता, आणि ज्यांच्याकडे नव्हता ते त्याच फर्मांमध्ये नोकरीला होते. २००४ मध्ये तात्पुरता परवाना गेला आणि परीक्षा हाच मुख्य दरवाजा झाला. संक्रमणात माणसं अडकलीच. जुन्या नियमांखाली परीक्षा पास झालेल्या, पण परवाना हातात न आलेल्या उमेदवारांचं काय करायचं, हा वाद न्यायालयांपर्यंत गेला. सुधारणा करताना नवा नियम लिहिणं त्यामानाने सोपं असतं. जुन्या नियमाच्या अर्ध्या जिन्यावर उभ्या असलेल्यांना कुठे न्यायचं, ते अवघड जातं.

इथे कार्डांची उतरंड समजून घ्या. परवान्याची परीक्षा पास झालेला एफ-कार्डवाला. त्याच्या फर्ममधला, खालची परीक्षा दिलेला जी-कार्डवाला. आणि मदतीला एच-कार्डवाला. पदवीधर जी-कार्डवाला काही वर्षांच्या अनुभवानंतर मोठ्या परीक्षेला बसू शकतो. काउंटरवर उभं राहून शिकलेल्या पोरासाठी ही एक खरीखुरी शिडी आहे. शेजारी दुसरी शिडीही आहे, निवृत्त गट-अ अधिकाऱ्यांची. ज्या खात्याकडून परवाना मिळतो त्याच खात्यातून निवृत्त होऊन परवाना घ्यायचा, यावर नियमावल्यांत फारशी चर्चा नाही. मला ती हवी होती.

पण सगळ्यात रंजक कलम वेगळंच आहे. ब्रोकरने अशिलाला कायदा पाळायचा सल्ला द्यावा, आणि अशिलाने तो पाळला नाही तर कस्टमच्या सहायक किंवा उपायुक्तांना कळवावं. म्हणजे पैसे देणार आयातदार, आणि खबर द्यायची सरकारला! हा माणूस नक्की कोणाचा? वकिलाला आपण असं सांगू का? २०१० मध्ये अशिलाची ओळख पटवायची जबाबदारीही त्याच्यावर आली, आणि २०१८ च्या नियम १० मध्ये ती सविस्तर मांडली गेली : आयात-निर्यात कोड, जीएसटी क्रमांक, दिलेल्या पत्त्यावर धंदा खरोखर चालतो की नाही, हे सगळं विश्वासार्ह कागदपत्रांवरून तपासा. ज्या कोड आणि क्रमांकांची खात्री करायची, ते सरकारनेच दिलेले असतात. बनावट निर्यातदार निघाला की सरकारचं एक खातं म्हणतं आम्ही नोंदणी दिली, आणि दुसरं विचारतं तुम्ही तपासलं का नाही. नियम १६ खाली परवाना तातडीने निलंबित करता येतो. सुनावणी नंतर, १५ दिवसांत. तोवर त्या परवान्यावर पोसलेले जी आणि एच कार्डवाले बसून राहणार. नियमावलीत त्यांचा विचार नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. भारतात ब्रोकर नेमणं सक्तीचं नाही, आयातदार स्वतः माल सोडवू शकतो. मेक्सिकोत ती सक्ती होती. ती २०१३ च्या सुधारणेत काढली गेली. फिलिपाइन्सने २००४ मध्ये कायदा करून ब्रोकरला डॉक्टर-इंजिनिअरसारखा परीक्षा देणारा व्यावसायिक बनवलं. २०१६ च्या नव्या सीमाशुल्क कायद्याने तोच ब्रोकर आयातदारासाठी ठराविक मुदतीनंतर ऐच्छिक केला. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ ला लागू झाला. तो सांगतो की नव्याने सक्ती आणू नका आणि परवान्याचे नियम पारदर्शक, वस्तुनिष्ठ ठेवा. भारताने इथे आरामात होकार दिला असणार, कारण सोडायला सक्ती नव्हतीच. सक्ती नसतानाही लोक ब्रोकर नेमतात, यावरून आपली प्रक्रिया किती सोपी आहे ते तुम्हीच ठरवा.

२०११ मध्ये स्वयं-मूल्यांकन आलं. २०२० मध्ये फेसलेस मूल्यांकन आलं, म्हणजे मुंबईतल्या बिलाची तपासणी दुसऱ्या शहरातला अधिकारी करणार. काउंटरवरची ओळख हे ज्याचं भांडवल होतं, त्याचं ते भांडवल आटलं. २०२१ मध्ये परवान्याचं दर १० वर्षांचं नूतनीकरणही गेलं, आता परवाना आजीवन. आत शिरलेल्यासाठी दार कायमचं उघडं, पण कागदपत्रांच्या एका तपासणीत चूक निघाली तर तेच बंदही होऊ शकतं.

पुढच्या लेखात अपील न्यायाधिकरणाचे नियम १० वरचे निकाल घेऊ. 'पत्त्यावर धंदा चालतो' याचा अर्थ ब्रोकरने स्वतः तिथे जाऊन यावं असा होतो का, यावर तिथे बराच काथ्याकूट झालाय.