गळ्याची गाठ आणि रक्ताची साक्ष

श्रोतेहो, गलगंड हा शब्द आपल्याला नवा नाही. सुश्रुताने निदानस्थानात गलगंडाचे वातज, कफज आणि मेदोज असे तीन प्रकार सांगून ठेवले आहेत. वैद्य डोळ्यांनी पाही, हाताने चाचपी आणि निदान करी. शतकानुशतके हीच रीत चालली. तिच्यात एक उणीव मात्र होती. गळा सुजला तरच रोग दिसे. गळा साधा, पण आतली थायरॉइड ग्रंथी मंदावलेली, अशा माणसाचे काय? त्याला आळशी म्हणत, मठ्ठ म्हणत, आणि गोष्ट तिथेच संपे.

१८९५ साली जर्मनीत बाउमान यांना या ग्रंथीत आयोडीन सापडले. १९१४ च्या डिसेंबरात अमेरिकेत केंडॉल यांनी तिचा रस, थायरॉक्सिन, वेगळा काढला. पण रक्तातला हा रस इतका सूक्ष्म, की मोजावा कसा? मग रोग्याला उपाशीपोटी निजवून तो विसाव्यात किती प्राणवायू घेतो, ते मोजीत. त्यावरून बांधायचा तो अंदाजच!

आपल्या देशात ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्राँबेची ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. १९६३ मध्ये अणुशक्ती खात्याने परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर काढले. थायरॉइडला आयोडीनची मोठी ओढ. किरणोत्सर्गी आयोडीन अल्प प्रमाणात दिले, की ते गळ्याशी गोळा होते. बाहेरून यंत्र धरले, की ग्रंथीचा कोणता भाग जागा आणि कोणता निजलेला, याचे चित्रच उमटते. गरोदर बाईला मात्र हे देत नाहीत.

त्याच सुमारास अमेरिकेत रोझलिन यालो आणि सॉलोमन बेर्सन यांनी रक्तातले सूक्ष्म रस मोजण्याची युक्ती काढली. यालोबाईंना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. याच युक्तीने पुढे टी.एस.एच. मोजता आले. हे टी.एस.एच. म्हणजे काय? मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी धनी समजा आणि थायरॉइड सालदार. सालदार ढिला पडला, की धन्याच्या हाका वाढतात. तो अति करू लागला, की धनी गप्प बसतो. या हाका म्हणजे टी.एस.एच. म्हणून बहुधा आकडा वाढला तर ग्रंथी मंद, घटला तर ती अति वेगात.

आज अमरावती-अकोल्यात ही रक्ततपासणी होते, सोनोग्राफीही होते. आधी रक्त; गाठ लागली तर सोनोग्राफी; शंका उरली तर सुईने गाठीतला अंश काढून तपासतात. नुसती सोनोग्राफी करून ग्रंथीचे काम कळत नाही, हे ध्यानात ठेवा. आणि बरे का, पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात पाणी खारट म्हणून आयोडीन मिळतेच, असे समजू नका. खारटपणा वेगळा, आयोडीन वेगळे.

आता गुरुजींना एक विनंती. वर्गातले पोर एकाएकी सुस्तावले, त्याची उंची खुंटली, थंडी सोसेना, तर छडीआधी दवाखाना आठवा. “पोरगी आळशी झाली जी,” असे आई म्हणाली, तर तिला रक्त तपासायला सांगा. आणि घरात बाळ जन्मले, तर त्याच्या टाचेच्या रक्ताची तपासणी डॉक्टरांना आवर्जून विचारा. जन्मतःच ग्रंथी मंद असलेल्या बाळाला पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले, तर त्याची बुद्धी वाचते. उशीर झाला, तर गेलेले परत येत नाही.