गोव्यात रोमचा घुमट कुणी उभा केला? इटालियन पाद्र्यांच्या सेंट काजेतान चर्चची गोष्ट

साताऱ्याहून, सांगलीहून किंवा मिरजेहून गोवा एक्सप्रेस पकडून गोव्याला जाणारे कमी नाहीत. बीच झाले, की शेवटच्या दिवशी 'ओल्ड गोवा' उरकायचं, बॉम जीझसमध्ये सेंट झेवियरचं दर्शन घ्यायचं, समोरच्या से कॅथेड्रलबाहेर फोटो काढायचा आणि परत फिरायचं. तिथून चालत काही मिनिटांवर एक पांढरं, घुमटाचं चर्च आहे. तिकडे फारसं कुणी जात नाही. रोममधल्या सेंट पीटर्सचा फोटो पाहिला असेल, तर हे चर्च बघून 'हे कुठंतरी पाहिलंय' असं नक्की वाटतं.

हे सेंट काजेतान चर्च. १६६१ साली पूर्ण झालेलं. पण ते पोर्तुगीजांनी बांधलेलं नाही, इटालियन पाद्र्यांनी बांधलंय. आणि हे पाद्री गोव्यात राहायला आलेच नव्हते.

निघाले गोवळकोंड्याला, राहिले गोव्यात

थिएटाइन नावाचा एक इटालियन धर्मसंघ आहे. १५२४ साली रोममध्ये गाएतानो आणि पुढे पोप झालेला काराफा यांनी तो काढला. संघाचा नियम मोठा विचित्र: ठरलेलं उत्पन्न ठेवायचं नाही आणि भीकही मागायची नाही. देव देईल त्यावर भागवायचं.

या संघाचे पाद्री १६४० साली गोव्यात उतरले. म्होरक्या होता पिएत्रो आविताबिले. त्यांना जायचं होतं कुतुबशाहीत, गोवळकोंड्याला. तिथं काम करता आलं नाही, म्हणून ते गोव्यातच थांबले. (त्यांना पोप अर्बन तिसऱ्याने पाठवलं असं इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं. अर्बन तिसरा ११८७ सालीच वारला होता. त्या काळातला पोप होता अर्बन आठवा.)

आता अडचण अशी, की पूर्वेकडच्या चर्चचा सगळा कारभार पोपने पूर्वीच पोर्तुगालच्या राजाला देऊन टाकला होता. बिशप नेमायचा तर राजा ठरवणार, पाद्री पाठवायचे तर लिस्बनच्या जहाजातून. या हक्काला पाद्रोआदो म्हणत. पुढे रोमला याचा पश्चात्ताप झाला आणि १६२२ साली पोपने प्रोपागांडा फिदे हे स्वतःचं खातं उघडलं. हे खातं राजाला न विचारता थेट आपली माणसं पाठवू लागलं. थिएटाइन पाद्री याच खात्याचे. म्हणजे गोव्यातल्या अधिकाऱ्यांच्या नजरेत ते पाहुणे नव्हते, घुसखोर होते.

त्यात त्यांच्यातले काही नेपल्सचे, आणि नेपल्सवर राज्य होतं स्पेनचं. १६४० च्या डिसेंबरात पोर्तुगालने स्पेनचं जोखड झुगारलं. मग या मंडळींकडे संशयाने बघितलं जाणं ओघानंच आलं. गोव्यात राहायला परवानगी मिळवण्यासाठी त्यांना लिस्बनपर्यंत खेटे घालावे लागले.

यात सातारा-सांगलीचा काय संबंध?

आहे. त्या वेळी सातारा, मिरज हा सगळा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत होता. १६३७ साली रोमने या आदिलशाही मुलखासाठी एक बिशप नेमला, मातेउस द कास्त्रो. हा गोव्याच्या दिवाडी बेटावरचा, ब्राह्मण घराण्यातला. गोव्याच्या वरिष्ठांनी त्याला पाद्री करायचं नाकारलं, तेव्हा तो थेट रोमला गेला, तिथं पाद्री झाला आणि पुढे बिशपही झाला. पोर्तुगीज त्याला गोव्यात सुखाने काम करू देईनात, म्हणून त्याने बस्तान बसवलं डिचोलीत, कारण डिचोली तेव्हा आदिलशाहीत होती. त्याच्याच या पदातून पुढे मुंबईचा धर्मप्रांत उभा राहिला. पुण्याचा धर्मप्रांत १८८६ साली झाला, आणि सातारा त्यात येतो.

थिएटाइन पाद्रीही याच भांडणात रोमच्या बाजूचे. त्यांच्यातला आंतोनिओ आर्दिझोने तर गोव्यात उभं राहून उघड सांगत होता, की गुलाम असो की खालच्या मानलेल्या जातीचा, बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकाला चर्चमधला पवित्र प्रसाद मिळालाच पाहिजे. गुलामांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात हे बोलणं सोपं नव्हतं. ही प्रवचनं १६८० साली लिस्बनमध्ये पुस्तकरूपाने छापली गेली.

दर्शनी भाग रोमचा, दगड आपल्या ओळखीचा

१६५५-५६ च्या सुमारास काम सुरू झालं. कार्लो फेरारिनी आणि फ्रान्चेस्को मारिया मिलाझो या दोन इटालियनांकडे या वास्तूचं श्रेय जातं. गोव्यातली बहुतेक चर्च पोर्तुगीज वळणाची. याचा नमुना मात्र सेंट पीटर्सचा, कारण या पाद्र्यांचा पाठीराखा लिस्बनमध्ये नव्हता, रोममध्ये होता. समोरून पाहिलं की कोरिंथियन पद्धतीचे, म्हणजे माथ्याशी पानांची नक्षी असलेले उंच खांब दिसतात. त्यावर त्रिकोणी माथा, कोनाड्यांत पुतळे. दोन्ही बाजूंना चौकोनी बुटके मनोरे आहेत. असे मनोरे सेंट पीटर्सला नाहीत. तिथं बर्निनीने एक बांधायला घेतला होता, पण भिंतींना तडे गेल्यावर १६४६ साली तो उतरवावा लागला.

बाहेरून इमारत लांबट चौकोनी, आतून आराखडा क्रुसाचा, चारही हात जवळपास सारखे. मधोमध चार जाड खांब, त्यांवर कमानी आणि कमानींवर घुमट.

सांगली-जतच्या माणसाला घुमट म्हटलं की आधी गोलघुमट आठवणार. गंमत म्हणजे गोलघुमट पुरा झाला असं मानतात ते साल १६५६, आणि त्याच सुमाराला गोव्यात या घुमटाची सुरुवात होत होती. गोलघुमट आतून सुमारे ३८ मीटर रुंद आणि खाली एकही खांब नाही, एकमेकींत गुंतलेल्या आठ कमानींनी तो भार भिंतींवर नेला आहे. त्यापुढे काजेतानचा घुमट लहान. बांधकामाच्या हिमतीत आपला विजापूरकर कारागीर पुढे होता, हे मान्य करावंच लागेल.

दगड मात्र जांभा, पाचगणीच्या टेबललँडवर पायाखाली असतो तोच. तासायला सोपा, पण सच्छिद्र आणि पाणी पिणारा. कोकणातला पाऊस झेलायचा तर वरून चुन्याचा गिलावा हवाच. गिलाव्याशिवाय जांभा कसा दिसतो, ते बॉम जीझसच्या तांबड्या भिंतींवर बघायला मिळतं. तिचा गिलावा विसाव्या शतकात काढून टाकला.

आत सोनेरी मुलाम्याच्या लाकडी वेद्या आहेत. मुख्य वेदी 'दैवी कृपेच्या मातेची', आणि चर्चचं मूळ नावही तेच. गाएतानो म्हणजेच काजेतान, पण त्याला संतपद मिळालं १६७१ साली, म्हणजे चर्च पूर्ण झाल्यावर दहा वर्षांनी. लोकांच्या तोंडी मात्र काजेतानच बसलं.

घुमटाच्या बरोबर खाली, फरशीत एक विहीर आहे. त्यावरून 'इथं आधी देऊळ होतं' असे मेसेज फिरत असतात. नुसत्या विहिरीवरून तसं म्हणता येत नाही, जुन्या वाड्यांत आणि मठांतही आतच विहीर असायची. जुना अवशेष बघायचाच असेल तर तो चर्चच्या आवाराजवळ उघड्यावर उभा आहे. काळ्या दगडाची कोरीव चौकट, आदिलशाही राजवाड्याच्या दाराची. त्यावरच्या कोरीवकामाला देवळाच्या शिल्पाचं वळण आहे. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतल्यावर त्याच वाड्यात त्यांचे व्हाइसरॉय राहत. पुढे वाडा पडला, चौकट राहिली.

थिएटाइनांनी अठराव्या शतकाच्या मध्यापासून गोमंतकीयांना संघात घ्यायला सुरुवात केली, आणि हळूहळू मठ गोमंतकीयांच्याच हातात आला. १८३४ साली पोर्तुगालने सगळे पुरुष धर्मसंघ बरखास्त केले. पुढच्या वर्षी गोव्यातही तेच झालं. शेजारच्या मठाच्या इमारतीत आता पाद्र्यांची प्रशिक्षण संस्था चालते. १९८६ पासून जुन्या गोव्यातली चर्च युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत.

जायचं असेल तर पणजीहून जुना गोवा साधारण १० किलोमीटर. बॉम जीझसकडून येण्यापेक्षा मांडवीच्या धक्क्याकडून चालत या. आधी वास्को द गामाचा पुतळा असलेली व्हाइसरॉयची कमान लागते, मग आदिलशहाची चौकट, आणि लगेच इटालियन पाद्र्यांचा घुमट.