माळरानावरील पहारा

रान म्हटले की आपल्यापुढे घनदाट झाडी उभी राहते. माळाला कोणी रान म्हणत नाही. ब्राझीलच्या सेराडोला हीच समजूत भोवली. सुमारे 20 लाख चौरस किलोमीटरांचा हा गवताचा आणि विरळ झाडांचा मुलूख. दोन ट्रॅक्टरांमध्ये साखळदंड बांधून ओढला की झाडे मुळासकट आडवी होतात. निम्म्याच्या आसपास प्रदेश असाच सोयाबीनने आणि कुरणांनी गिळला.

ब्राझीलची अवकाश-संशोधन संस्था 1988 पासून उपग्रहचित्रांवरून अ‍ॅमेझॉनची तोड दरसाल मोजू लागली. तोड चालू असतानाच इशारा देणारी ‘डेटेर’ योजना तेथे 2004 मध्ये आली. सेराडोला ती लाभली 2018 मध्ये. चौदा वर्षांनी! अर्थात काम सोपे नव्हते. कोरड्या ऋतूत तेथील पुष्कळ झाडे पाने गाळतात, गवत वाळते, वणवे लागतात. वरून पाहणाऱ्याला सुकलेले रान आणि तोडलेले रान सारखेच भासते. म्हणून जाणकारांना चित्रे स्वतः न्याहाळावी लागतात.

आणि कायदा? 2012 च्या वनकायद्याने अ‍ॅमेझॉनच्या जंगलात जमीनमालकाने 80 टक्के रान राखावयाचे, तर सेराडोत बहुतेक ठिकाणी अवघे 20 टक्के. इशारा वेळेवर येतो. पण पुष्कळदा ट्रॅक्टरवाल्याच्या खिशात रीतसर परवाना असतो.