खिडकीतले दृश्य आणि टिपलेला क्षण

छायाचित्रण ही पाहण्याची कला आहे, असे आपण सर्वजण म्हणतो. परंतु कॅमेऱ्यातून पाहावयाचे कोठून, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. डोळ्यास दिसते ते आणि भिंग टिपते ते, या दोहोंत अंतर पडते. ते मिटविण्याची धडपड म्हणजेच व्ह्यूफाइंडरचा, आपल्या शब्दांत कॅमेऱ्याच्या खिडकीचा, इतिहास होय. या इतिहासात महाराष्ट्राचाही वाटा आहे, म्हणून तो आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

जुन्या लाकडी कॅमेऱ्याच्या पाठीशी घासलेली काच असे. तीवर दृश्य उलटे उमटे आणि छायाचित्रकार डोक्यावर काळे कापड ओढून ते न्याहाळी. पुढे हातात मावणारी यंत्रे निघाली, तेव्हा भिंगाच्या वर किंवा बाजूस वेगळी खिडकी आली. सोय झाली खरी. पण खिडकी एकीकडे आणि भिंग दुसरीकडे! जवळच्या माणसाची पगडी खिडकीत पुरी दिसावी आणि चित्रात नेमकी कापली जावी, असे होऊ लागले.

सिनेमाच्या आरंभीच्या, हाताने फिरवावयाच्या बहुतेक यंत्रांची हीच अडचण होती. दादासाहेब फाळके यांनी 1912 साली विलायतेहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे ठेवला. इकडे कोल्हापुरात आनंदराव व बाबूराव पेंटर यांनी स्वतःच कॅमेरा घडविण्याचे मनावर घेतले. आनंदराव 1916 साली निवर्तले. तथापि बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने 1918 च्या सुमारास तो पुरा केला. त्यांची ‘सैरंध्री’ 1920 साली पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात झळकली. बाबूराव मूळचे नाटकांचे पडदे रंगविणारे. चित्रीकरणापूर्वी ते दृश्यांची रेखाटने कागदावर करीत. म्हणजे यंत्राच्या खिडकीशी डोळा नेण्याआधीच चित्राची चौकट त्यांच्या मनात तयार असे.

त्यांच्या तालमीत वाढलेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम आदी मंडळींनी 1929 मध्ये ‘प्रभात’ काढली. ती 1933 साली पुण्यास आली, आणि तिच्याच आवारात 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. पाहण्याचे हे शिक्षण असे पुण्यात स्थिरावले.

दरम्यान युरोपात खिडकी आणि भिंग यांची सांगड घातली जात होती. भिंगामागे तिरका आरसा बसवावा आणि त्याच भिंगातील प्रतिमा डोळ्याकडे वळवावी, या कल्पनेचे पेटंट इंग्लंडात थॉमस सटन यांनी 1861 साली घेतले. परंतु नुसत्या आरशात डावे-उजवे पालटलेले दिसे. जर्मनीतील ‘कॉन्टॅक्स एस’मध्ये 1949 साली पाच बाजूंचा लोलक आला आणि दृश्य सुलटे दिसू लागले. खिडकी व भिंग यांचे भांडण मिटले ते असे.

डिजिटल एसएलआरने आरसा आणि लोलक ठेवून फिल्म तेवढी काढली. पाठीवर पडदा आला. आरंभी तो घेतलेले चित्रच दाखवी. 2006 साली ‘ऑलिंपस ई-330’ने घ्यावयाचे चित्रही त्यावर आधी दाखविले. आता पडद्यावर चौकटीच्या रेषा येतात, उजेड-अंधाराचा आलेख येतो, चित्राचा हवा तो भाग मोठा करून रेखीवपणा तपासता येतो. फिरता पडदा असेल तर मिरवणुकीत कॅमेरा डोक्यावर धरूनही नेम साधतो. खिडकीचेही गुण आहेत: भर उन्हात पडदा फिका पडतो, खिडकी पडत नाही, चष्मेवाल्यांसाठी तिच्याशेजारी लहानशी चकती असते. मात्र कित्येक स्वस्त कॅमेऱ्यांची खिडकी चित्राचा सुमारे 95 टक्केच भाग दाखविते, हे ध्यानात ठेवावे.

तर मग अंतर संपले काय? नाही. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो आणि खिडकी क्षणभर काळी होते. जो क्षण टिपला जातो, नेमका तोच आपल्याला दिसत नाही! पडद्यावर पाहावे, तर तेथे दृश्य किंचित मागाहून पोचते. लक्ष्मी रस्त्यावर ढोलावर टिपरू पडण्याचा क्षण ज्याला हवा, त्याने तो येण्यापूर्वीच ओळखला पाहिजे. आणि प्रत्येक चित्रानंतर मान खाली घालून पडदा पाहणाऱ्याचा पुढचा क्षण हातचा जातो, तो वेगळाच.

यंत्राने चौकट दाखविण्याचे काम पुष्कळसे सिद्धीस नेले आहे. क्षण ओळखण्याचे काम मात्र अजून माणसाकडेच आहे. पडदे रंगविणाऱ्या बाबूरावांपाशी आजच्या कॅमेऱ्याचा पडदा नव्हता. पण काय पाहावयाचे हे त्यांनी आधी ठरविलेले असे. नवे यंत्र घेणाराने एवढे जरी त्यांच्याकडून घेतले, तरी त्या यंत्राचे सार्थक होईल, असे आम्हांस वाटते.