बावीस नंबरचं बंदर

आमच्या किहीमच्या घरी एक जुना संगणक आहे. त्यावर लिनक्स आहे आणि उर्दू-मराठी शब्दांचा माझा संग्रह आहे. त्यातले निम्मे शब्द अब्बांच्या वह्यांतले. मी नोकरीसाठी पनवेलला राहतो आणि रात्री तिथून त्या संगणकात शिरून काम करतो. गेल्या परीक्षेच्या तोंडावर, मुलांना द्यायची यादी तिथेच असताना, मी स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं.

झालं असं, की सुरक्षेसाठी मी फायरवॉल सुरू करायला गेलो. बाहेरून येणारं सगळं बंद, असा नियम लावला. सुरू करताना संगणकाने विचारलंही होतं: चालू असलेलं एसएसएच कनेक्शन तुटू शकतं, पुढे जायचं का? मी न वाचताच 'हो' म्हटलं. पुन्हा शिरायला गेलो तर बराच वेळ काहीच नाही, मग 'कनेक्शन टाइम्ड आउट'.

या एसएसएचचा जन्मही अशाच धास्तीतून झाला. १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कुणीतरी नेटवर्कवरून जाणारे पासवर्ड चोरून ऐकले. तेव्हा दूरच्या संगणकात शिरायला टेलनेट वापरत, आणि त्यात पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा जाई. तिथल्या तातू यलोनेन यांनी सगळं संभाषण कुलूपबंद करणारा प्रोग्रॅम लिहिला. एफटीपीचा पोर्ट २१, टेलनेटचा २३. मधला २२ रिकामा होता, तो त्यांनी मागून घेतला. पुढे १९९९ मध्ये ओपनएसएसएच आलं. आज लिनक्सवर बहुतेक ठिकाणी तेच असतं.

पोर्ट म्हणजे बंदर, असं मी वर्गात सांगतो. बंदर हा शब्द फारसीतून आलेला, उर्दू-मराठी दोघींचा.

शेवटी रविवारी एसटीने घरी गेलो. अम्मी म्हणाली, "मशीन तर चालूच आहे रे!" खरंच होतं. 'टाइम्ड आउट'चा अर्थ बहुधा हाच, की वाटेत कुणीतरी तुमची हाक गुपचूप गिळतंय. 'रिफ्यूज्ड' आलं असतं, तर हाक पोचली पण बहुधा दारात कुणी बसलेलं नाही, असं समजलो असतो. 'परमिशन डिनाइड' आलं असतं, तर किल्ली किंवा तिच्या फाइलच्या परवानग्या तपासल्या असत्या. दुखणं फायरवॉलचं होतं. कीबोर्डसमोर बसून २२ ला परवानगी दिली आणि दोन मिनिटांत काम झालं.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. समोर खांदेरी दिसत होती. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारींना तिथे किल्ला बांधायला पाठवलं. मुंबईच्या इंग्रजांनी बेटाला जहाजांचा वेढा घातला. पुढे जंजिऱ्याचा सिद्दीही आला. भिंती अजून अर्ध्याच होत्या. तरी बेट टिकलं, कारण रात्रीच्या अंधारात किनाऱ्यावरून छोट्या होड्या रसद घेऊन निसटत. दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांचं 'डव्ह' नावाचं गलबत पकडलं, आणि १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी माघार घेतली.

खांदेरी नुसत्या भिंतींनी वाचली नाही. आपल्या माणसांची एक वाट उघडी होती, म्हणून वाचली. मी भिंत बांधली आणि आपली होडीच अडवली.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे. आधी २२ ला परवानगी, मग फायरवॉल सुरू. पहिलं कनेक्शन चालू ठेवून दुसऱ्या खिडकीतून शिरून बघायचं. दूरवरून काम करताना दहा मिनिटांनी फायरवॉल आपोआप बंद होईल अशी सोय आधीच लावायची. सगळं ठीक असलं की ती काढून टाकायची. पासवर्डऐवजी किल्ली वापरायची, आणि ती चालते याची खात्री झाल्यावरच पासवर्ड बंद करायचा.

यादी सोमवारी मुलांच्या हातात पडली. उशीर का झाला, ते मी त्यांना खांदेरीपासून सांगायला सुरुवात केली.