नाशिकच्या प्राथमिक शाळा आणि भिंतीबाहेरचे शिक्षण

प्राथमिक शाळेतील मुलांना वर्गाबाहेर नेऊन शिकवण्याची रीत नाशिक जिल्ह्यात कोणा एका योजनेतून आलेली नाही. शंभरेक वर्षांत बागकाम, कवायत, सूतकताई, सहल आणि निसर्गशिबिर अशी रूपे घेत ती साचत गेली. मुलांना बाहेर न्यायचे ते शरीर कमावण्यासाठी, श्रम शिकवण्यासाठी, इतिहास दाखवण्यासाठी की निसर्ग ओळखण्यासाठी, याचे उत्तर दर पिढीत बदलले. त्यातून जिल्ह्याचा परिसरही एकसारखा नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हा पश्चिमेचा पट्टा धो धो पावसाचा, भात-नागलीचा. निफाड काळ्या मातीचा नि द्राक्षांचा. येवला, नांदगाव, मालेगाव पाण्यासाठी तळमळणारे. ‘बाहेर’ म्हणजे काय, हे इथे तालुक्यागणिक बदलते.

इंग्रजी अमलाआधीची पंतोजींची शाळा बहुधा ओसरीवर किंवा देवळात भरे. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची आणि पावकी-निमकी तालासुरात घोकायची, हा तिचा क्रम. शाळा उघड्यावर असली तरी समोरचे शेत, नदी किंवा झाड हा शिकण्याचा विषय नव्हता. सरकारी शाळा आल्या तेव्हा इमारत, हजेरीपट आणि तपासणी आली. पाठांतरावर उतारा म्हणून पुढे ‘वस्तुपाठ’ सुचवले गेले: पान, दगड, धान्याचे कणीस मुलांच्या हाती द्यायचे आणि त्यावर बोलते करायचे. हिंदुस्थान सरकारच्या १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावाने प्राथमिक शाळांसाठी अशा पाठांचा पुरस्कार केला. परीक्षेचे वजन मात्र वाचन, लेखन आणि गणितावरच राहिले, त्यामुळे वस्तुपाठ हा पुरवणीचा विषय ठरला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुले मैदानावर आली ती शिस्तीसाठी. बेडन-पॉवेल यांच्या बालवीर (स्काउट) चळवळीने लहान मुलांसाठी ‘कब’ पथके काढली. त्यांची नावे आणि संकेत किपलिंगच्या जंगलकथांमधले, म्हणून पथकप्रमुखाला ‘अकेला’ म्हणायचे. विदर्भाच्या सीमेलगतच्या शिवनीच्या रानातली ही पात्रे विलायतेची वारी करून मराठी मुलांच्या कवायतीत परत आली, हा योगायोग मजेशीरच. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एकत्रित संघटना उभी राहिली आणि कब-बुलबुल पथके प्राथमिक शाळांच्या उपक्रमांत रुळली. नाशिकमध्येच डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये भोसला सैनिकी विद्यालय सुरू केले. तिथे घोडेस्वारी आणि मैदानी शिक्षण होते, पण थोड्या मोठ्या वयाच्या मुलांसाठी आणि लष्करी तयारीच्या हेतूने. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने शाखा, खेळ आणि शिबिरे यांना वेगळी, समाजवादी दिशा दिली. उद्दिष्टे परस्परविरोधी असली तरी या सगळ्यांच्या लेखी मैदान ही मुलाला घडवण्याची जागा होती. मैदानाभोवतीच्या मुलखाचा अभ्यास त्यात फारसा नव्हता.

मुलखाकडे वळवणारा धक्का वर्ध्याहून बसला. ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन समितीने तिच्या ठरावांना अभ्यासक्रमाचे रूप दिले. बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारने ही मूलोद्योग शिक्षणाची कल्पना उचलली. सूत कातताना तारा मोजायच्या आणि त्यातून गणित शिकायचे. वाफा आखताना क्षेत्रफळ, पेरणीच्या नोंदीतून भाषा, पावसाच्या मोजणीतून भूगोल. हात आणि पाटी एकाच तासाला कामाला लावणारी ही पद्धत कागदावर मोहक होती. प्रत्यक्षात तिला कापूस, औजारे, जमीन, पाणी आणि मुख्य म्हणजे दोन्ही गोष्टी येणारा शिक्षक लागे. जिथे तो नव्हता तिथे टकळी फिरत राहिली आणि गणित वेगळ्या तासाला शिकवले गेले. कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) अहवालानंतर ‘कार्यानुभव’ हा स्वतंत्र विषय आला. म्हणजे जो उद्योग सगळ्या विषयांचा कणा व्हायचा होता तो वेळापत्रकातला एक तास झाला. जिल्हा परिषदेच्या कित्येक जुन्या शाळांच्या पाटीवर ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ हे नाव अजून आहे, ते या काळाचे.

पश्चिम पट्ट्यातील आदिवासी मुलांचा प्रश्न याच्या नेमका उलटा होता. कोकणा, महादेव कोळी आणि वारली कुटुंबांतील मूल दिवसभर बाहेरच असे. गुरे राखणे, लहान भावंडाला सांभाळणे, पावसाळ्यात आवणीला हातभार लावणे, मोहाची फुले वेचणे ही त्याची कामे. त्याला बाहेर नेण्याची गरज नव्हती, शाळेला त्याच्यापर्यंत जाण्याची होती. दादासाहेब बिडकर यांनी १९३७ मध्ये स्थापन केलेल्या डांग सेवा मंडळाने पेठ-सुरगाणा भागात शिक्षणाचे काम सुरू केले. पुढे या भागात आश्रमशाळा वाढल्या. आश्रमशाळेने मुलांना जेवण, निवारा आणि अक्षर दिले, पण त्यासाठी त्यांना घरापासून आणि रानापासून उचलून आणावे लागले.

दुसरा मार्ग घाटाखाली, डहाणू तालुक्यात शोधला गेला. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्याच सुमारास त्यांच्यासोबत आल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेले. मुले शाळेत येत नाहीत कारण ती गुरांमागे असतात, हे लक्षात आल्यावर तिथे ‘कुरणशाळा’ निघाली. गुरे चरायला जात तिथे शिक्षक जाई आणि गुरे चरत असताना मुले शिकत. खडे, बिया, पाने, काटक्या ही साधने. मोजणी, वर्गीकरण, गोष्टी आणि गाणी हा अभ्यास. माँटेसोरीच्या महागड्या साधनांना रानातला पर्याय शोधण्याची दृष्टी त्यामागे होती. मराठी मुलखातील वर्गाबाहेरच्या शिक्षणात यापेक्षा मूलगामी प्रयोग दाखवणे कठीण आहे, कारण त्याने मुलाचे काम अडथळा न मानता शाळेचे वेळापत्रक त्या कामाभोवती बसवले. १९८२ मध्ये सुरू झालेल्या ग्राममंगल संस्थेने डहाणू भागातील या कामाचा धागा पुढे नेला.

सर्वसाधारण शाळांमध्ये मात्र बाहेरचे जग टिकले ते पाठ्यपुस्तकामुळे. १९६७ मध्ये बालभारती या राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाची स्थापना झाल्यावर राज्याची पुस्तके एकसारखी झाली, पण तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक अपवाद राहिले: ते जिल्हावार निघते. नाशिकच्या मुलाला भूगोलाची पहिली ओळख स्वतःच्या जिल्ह्याच्या नकाशातून होते. पंधरा तालुके, सह्याद्रीच्या रांगा, ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी, धरणे, पिके, बाजारपेठा. चौथीला महाराष्ट्र आणि शिवछत्रपती. घर, गाव, जिल्हा, राज्य अशा या चढत्या क्रमामुळे ‘परिसर अभ्यास’ हा विषय शाळेच्या फाटकाबाहेर पडण्याचे हक्काचे निमित्त ठरतो. नदीकाठ, बाजार, टपाल कचेरी, कुंभाराचा आवा येथल्या क्षेत्रभेटीला वेगळी परवानगी किंवा वर्गणी लागत नाही. शिक्षकाच्या मनात असले की पुरते. शिक्षकाच्या मनात नसेल तर तोच धडा वाचून प्रश्नोत्तरे लिहून संपतो.

वार्षिक सहल ही याहून दिखाऊ, पण मुलांना सर्वांत प्रिय गोष्ट. गावोगावच्या शाळांना ती परवडू लागली एसटीमुळे. ‘प्रासंगिक करारा’वर मिळणारी गाडी आणि शालेय सहलींसाठी भाड्यात निम्मी सवलत, एवढ्यावर लहान गावातली मुले आयुष्यात पहिल्यांदा तालुक्याबाहेर पडली. नाशिकच्या सहलीचा मार्ग ठरल्यासारखा आहे: पंचवटी, काळाराम मंदिर, पांडवलेणी, गंगापूरचे मातीचे धरण, त्र्यंबकेश्वर आणि वाटेत अंजनेरीचे नाणे संग्रहालय. पांडवलेण्यांत २४ लेणी आहेत आणि त्यांतील शिलालेख सातवाहन आणि क्षत्रप राजांची नावे सांगतात, पण मुलांना आधी भेटते ती पांडवांची गोष्ट. मुरूडच्या समुद्रात फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्याच्या महाविद्यालयीन सहलीतील चौदा विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सर्वच सहलींचे नियम कडक झाले. पालकांची संमतीपत्रे आणि वरिष्ठांची परवानगी गोळा करण्यापेक्षा सहलच नको, असा सोयीचा निष्कर्ष अनेक ठिकाणी निघाला.

निसर्ग हा स्वतंत्र विषय म्हणून सर्वांत उशिरा आला. पर्यावरण शिक्षण सर्व स्तरांवर सक्तीचे करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश १९९१ चा. डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाला त्याच्या अंमलबजावणीची पुन्हा आठवण करून द्यावी लागली. नाशिकला मात्र शिकवण्यासारखे पुष्कळ हाताशी होते. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे गाळ साचून पाणथळ तयार झाली. १९८६ मध्ये ती नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य झाली आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून जाहीर झाली. हिवाळ्यात चापडगावच्या मनोऱ्यांवर शाळांच्या मुलांची झुंबड उडते. अंजनेरीच्या पठारावर फुलणारे एक दुर्मीळ कंदीलपुष्प त्या डोंगराच्याच नावाने ओळखले जाते. गिर्यारोहण आणि पक्षिनिरीक्षण करणाऱ्या स्थानिक संस्थांनी मुलांना अशा ठिकाणी नेण्याचे काम सुट्टीतील शिबिरांतून केले. या शिबिरांना शुल्क असते, त्यामुळे तिथे मुख्यतः शहरातली मुले दिसतात. ज्यांच्या गावालगत हा निसर्ग आहे त्यांना तो शाळेच्या नेहमीच्या तासांतच भेटावा लागतो.

शाळेच्या तासांना अलीकडे दोन बाजूंनी मोकळीक मिळाली. करोनाकाळात राज्यभर शिक्षकांनी देवळाच्या ओट्यांवर, झाडांखाली, पाड्यांच्या अंगणात छोटे गट भरवले. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने दप्तराविना दहा दिवसांची शिफारस केली, पण ती सहावी ते आठवीसाठी आहे. पहिली ते पाचवीची मुले तिच्यात बसत नाहीत. महाराष्ट्राने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ सुरू केला, तेव्हा प्राथमिक शाळांना आठवड्यातला एक दिवस पुस्तकाबाहेरच्या कामासाठी अधिकृतपणे मिळाला. त्या दिवशी नदीवर जायचे की वर्गातच चित्रे रंगवायची, हे शाळेने ठरवायचे आहे.