खिडकीबाहेर किती उरले? : स्क्रोल होणाऱ्या पडद्याचा इतिहास

आदित्य-एल१ या यानावरील ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेच्या पुढाकाराने घडली. ती सूर्याची अतिनील प्रकाशातील छायाचित्रे टिपते. तिच्या संवेदकावर एका बाजूस ४,०९६ आणि दुसऱ्या बाजूसही ४,०९६ पिक्सेल आहेत. म्हणजे एकूण सुमारे १ कोटी ६८ लाख. आपल्या टेबलावरच्या सर्वसाधारण पडद्यावर १,९२० गुणिले १,०८० म्हणजे जेमतेम २० लाख ७४ हजार पिक्सेल मावतात. छायाचित्र आक्रसून न घेता जसेच्या तसे उघडले, तर एका वेळी त्याचा फक्त आठवा हिस्सा दिसतो. उरलेले सात हिस्से कुठे असतात? संगणकाच्या इतिहासात हा प्रश्न साठ वर्षांहून जुना आहे, आणि त्याच्या उत्तरांमध्ये विज्ञानाच्या शिस्तीचाही एक धडा दडलेला आहे.

१९६३ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ हा प्रबंध सादर केला. लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ या संगणकाच्या अवघ्या ७ इंची चौरस पडद्यावर प्रकाशलेखणीने आकृत्या काढता येत. परंतु सदरलँड यांनी पडद्यालाच कागद मानले नाही. कागद संगणकाच्या स्मृतीत होता. पडदा ही त्यावर ठेवलेली एक खिडकी होती. आकृती २,००० पटींपर्यंत लहानमोठी करता येई. याचा अर्थ, ७ इंचांच्या त्या खिडकीमागे १४,००० इंच, म्हणजे साडेतीनशे मीटरहून अधिक लांबीच्या बाजूचा कागद पसरलेला होता. ‘आशय’ आणि ‘दर्शन’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा विचार येथे यंत्रात उतरला. आज प्रोग्रामर ज्याला व्ह्यूपोर्ट म्हणतात, ती हीच खिडकी.

या विचाराचे गणित एका वजाबाकीत मावते. एखाद्या बिंदूचे पडद्यावरचे स्थान म्हणजे त्याचे आशयातले स्थान वजा खिडकीच्या कोपऱ्याचे आशयातले स्थान. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात निर्देशचौकट बदलण्याची ओळखीची क्रिया दिसेल. ‘कागद वर सरकला’ आणि ‘खिडकी खाली सरकली’ ही दोन विधाने मुळात एकच आहेत. गाडी पुढे गेली की झाडे मागे गेली, यासारखीच.

दुसरा प्रश्न खिडकीबाहेरच्या रेषांचा. त्या काढायच्या नाहीत, हे सांगणे सोपे. पण हजारो रेषांमधून त्या झटपट ओळखायच्या कशा? १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॅनी कोहेन आणि सदरलँड यांनी यावर देखणा उपाय काढला. खिडकीच्या चार कडा वाढवल्या की प्रतलाचे नऊ भाग पडतात. प्रत्येक भागाला चार बिटांचा संकेत द्यायचा: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. रेषेची दोन्ही टोके एकाच बाजूला बाहेर असतील, तर ती कोणताही गुणाकार-भागाकार न करता सोडून द्यायची. जे दिसणार नाही त्यावर श्रम खर्चू नयेत, हे तत्त्व तेव्हापासून आजतागायत कायम आहे.

त्या काटकसरीमागे गरज होती. १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात तयार झालेल्या ‘आल्टो’ संगणकाचा पडदा ६०६ गुणिले ८०८ बिंदूंचा होता. प्रत्येक बिंदूला एक बिट धरला, तरी केवळ पडद्याचे चित्र ६१,२०६ बाइट जागा घेई, आणि यंत्राची मूळ स्मृती होती १२८ किलोबाइट. म्हणजे जवळजवळ निम्मी स्मृती चित्रातच खर्ची पडे. मजकूर एक ओळ वर सरकवताना सारा पडदा नव्याने रंगवणे या यंत्राला परवडणारे नव्हते. १९७५ मध्ये डॅन इंगल्स आणि त्यांच्या सहकारी डायना मेरी यांनी ‘बिटब्लिट’ ही क्रिया रचली. तिच्यामुळे चित्राचा आयताकृती तुकडा स्मृतीत उचलून दुसरीकडे ठेवता येऊ लागला. आधीपासून असलेले चित्र सरकवायचे आणि नव्याने उघडी पडलेली अरुंद पट्टी तेवढी रंगवायची, असा हा उपाय होता. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये बिल ॲटकिन्सन यांच्या ‘क्विकड्रॉ’ने हेच काम केले: चित्र सरकवले आणि आता कोणता भाग रंगवायचा उरला, ते प्रोग्रामला सांगितले.

१९८७ साली आलेल्या एक्स-११ या खिडकीप्रणालीने नवी मर्यादा समोर आणली. तिच्या संदेशांत स्थाननिर्देशांक १६ बिटांचे असतात. त्यामुळे कमाल मूल्य ३२,७६७. लहान खिडकीच्या आत अवाढव्य खिडकी ठेवून ती सरकवायची, ही सोपी पद्धत या आकड्यापाशी कोसळते. हा आकडा खरोखर आड येतो का, हे नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या १५० मेगाहर्ट्झ सर्वेक्षणावरून पाहू. त्याची विभेदनक्षमता सुमारे २५ आर्कसेकंद. एक पिक्सेल ८ आर्कसेकंदांचा धरला, तर ३६० अंशांचा संपूर्ण पट्टा १,६२,००० पिक्सेल लांब होतो, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ पाचपट. मग एकच मार्ग उरतो: आशयाचा आकार केवळ संख्या म्हणून जपायचा आणि खिडकीत येणारा तुकडा तेवढाच, त्या क्षणी तयार करायचा.

१९९८ च्या अखेरीस जावाबरोबर आलेल्या ‘स्विंग’ संचाने ही सारी व्यवस्था नावे देऊन नीट मांडली. त्यात आशयालाच विचारले जाते: तुला खिडकी केवढी हवी? खिडकीच्या रुंदीशी जुळवून घेशील का? परिच्छेद ‘हो’ म्हणतो आणि ओळी नव्याने मोडतो. छायाचित्र ‘नाही’ म्हणते. येथे एक मौजेचे कोडे उभे राहते. खिडकी ४०० गुणिले ४००, चित्रही तेवढेच, आणि प्रत्येक स्क्रोलबार १५ पिक्सेल जाडीचा. पट्ट्या नसतील तर चित्र पूर्ण मावते, म्हणून त्या नकोत. पण दोन्ही पट्ट्या असतील तर जागा ३८५ गुणिले ३८५ उरते, चित्र मावत नाही, म्हणून त्या हव्यातच! दोन्ही उत्तरे स्वसंगत आहेत. कोणते मिळेल, हे सुरुवात कोठून केली त्यावर ठरते. म्हणून शहाणा प्रोग्राम पट्ट्या नाहीत असे मानून आरंभ करतो आणि गरज सिद्ध झाली तरच त्या जोडतो.

स्क्रोलबारवरचा सरकता ठोकळा हे मात्र या इतिहासातले सर्वांत प्रामाणिक पात्र आहे. ठोकळ्याची लांबी भागिले पट्टीची लांबी बरोबर खिडकी भागिले आशय. प्रारंभीच्या मॅकिंटॉशमध्ये ठोकळा ठरावीक आकाराचाच असे. आपण कुठे आहोत हे तो सांगे, किती उरले हे सांगत नसे. विंडोज ९५ मध्ये ठोकळा प्रमाणबद्ध झाला आणि १९९८ च्या मॅक ओएस ८.५ मध्ये तो पर्याय मिळाला. केवळ लांबीवरून वाचकाला कळू लागले, की समोर आहे तो आठवा हिस्सा आहे की शंभरावा.

जुलै २०११ मध्ये मॅक ओएस एक्स लायनने दोन बदल केले. सरकवण्याची दिशा उलटवली, आणि बोटांनी सरकवणाऱ्यांसाठी स्क्रोलबार एरवी लपवून ठेवले. वाद दिशेवरून अधिक रंगला. पण वर पाहिलेली वजाबाकी सांगते, की दिशा हा केवळ संकेत आहे. कागद सरकवा की खिडकी, माहिती तीच राहते. ठोकळा लपवण्याचे तसे नाही. न पाहिलेल्या भागाचे माप तेथे नजरेआड होते.

हा फरक केवळ सोयीचा नाही. सूर्यबिंबाचा एक कोपरा कापून ‘सूर्याचे छायाचित्र’ म्हणून बातम्यांतून फिरतो, आकाशाच्या एका चौकोनावरून विश्वाविषयी विधाने होतात. आणि चौकट संपते तेथे आशयही संपला, असे डोळा सहज धरून चालतो. प्रत्येक निरीक्षण ही खिडकीच असते. तिच्या लहानपणाला इलाज नाही, कारण मोठ्यातला मोठा पडदाही निसर्गापुढे अपुराच पडणार. परंतु ती किती लहान आहे हे सांगणे आपल्या हाती आहे. चित्राखाली ‘मूळ प्रतिमेचा आठवा भाग’ एवढे चार शब्द लिहायला जागा लागत नाही. आलेखाचा अक्ष कुठून कुठवर आहे, नमुना किती जणांचा आहे, हे सांगणे त्याच जातीचे काम आहे. संगणकावर स्क्रोलबार सदैव दिसत ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. विज्ञानाच्या बातमीत मात्र ती आपल्यालाच करावी लागेल.